येळवशीला निघालेली तांबडी मोटर

मु. राजेश्वर,
पौष शुद्ध तृतीया

तीर्थस्वरूप अंकुशराव दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा ग्यानबा याचा दंडवत. हे पत्र जेवण झाल्यावर वाचावं, उपाशीपोटी वाचू नये. आपला गुडघा कसा आहे? कचेरीची पायरी चढताना अजून कळ येते का? आणि अक्काचा खोकला? (तो खोकला बीदरच्या तांबड्या धुळीचा आहे दाजी, हकिमाच्या पुडीनं जाणार नाही. तिला चार दिवस माहेरी पाठवा म्हणलो असतो, पण आत्ता लगेच नको. का ते पुढं लिहितो.) माझी प्रकृती उत्तम. फक्त उजव्या भुवईचे केस गेलेत, ते येतील.

माझ्याबद्दल तीन गोष्टी तुमच्या कानावर आल्याच असतील. मी कॉलेज सोडलं, मी मोटर घेतली आणि ती मोटर राघोबा पाटलांच्या शेतात घातली. तिन्ही खऱ्या आहेत. पण ज्या सुरात लोक त्या सांगायलेत तो सूर साफ खोटा आहे. आपल्या खटकचिंचोळीत जन्मलेल्या किती जणांनी स्वतःची मोटर स्वतः हाकली? मोजून सांगा. तुम्ही मोजेपर्यंत मी पुढचं लिहितो.

राघोबा पाटलांची लेक राजू तुम्हाला माहीत नसेल. तिची मावशी आपल्या गल्लीत दिलीय, म्हणून ती मागच्या जत्रेला आली होती. मी भर उन्हात तिच्या मावशीच्या दारावरून (कामासाठीच) चार-पाच वेळा गेलो, तर ओसरीवरनं म्हणते कशी, "घोडं मेलं का काय तुमचं? कामून पायी हिंडायलाव?" दाजी, तेव्हापासून अन्न गोड लागलं नाही. (अक्काला हे वाचून दाखवू नका, हसत सुटेल आणि खोकला वाढेल.) ते सोसलं असतं, पण दिवाळीत बातमी आली की कल्याणीच्या एका ठेके घेणाऱ्या गुत्तेदाराचा लेक मोटरीत बसून राजूला बघून गेला. पाटील राजेश्वरच्या पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायलेत, "माझ्या दाराला मोटर लागली." आणि वर गुत्तेदाराच्या घरच्यांना मार्गशीर्षातल्या अवसेचं, येळवशीचं शेतातलं जेवण सांगितलं. आपल्याकडं येळवशीला शेतात बोलावलं म्हणजे अर्धं ठरलंच. म्हणजे मला येळवशीच्या आत मोटर पाहिजे होती, आणि ती विद्यार्थ्याला परवडणारी पाहिजे होती. कॉलेजातली इतिहासाची सगळी युद्धं एकीकडं आणि ही अडचण एकीकडं.

हैदराबादेत माझ्या खोलीत रेवणप्पा म्हणून कलबुर्गीकडचा एक गडी राहतो. मोटरीतलं सगळं आपल्याला कळतं असं तो सांगतो. त्याला घेऊन मी जुन्या मोटरी बघत हिंडलो. पहिली एका जहागीरदाराची. आत मखमल, खिडक्यांना पडदे आणि चुलत्या-मावश्यांसकट अख्खा जनाना बसेल एवढी जागा. किंमत स्वस्त, पण पेट्रोल प्यायची ती लग्नात व्याही तूप पितात तशी. दुसरी एका म्हाताऱ्या डॉक्टराची. काळी, बंद काचांची, आवाज नाही, धूर नाही, हँडल एकदा मारलं की चालू. रेवणप्पा तिच्याभोवती फिरला, खाली वाकला, वास घेतला आणि म्हणाला, "अण्णा, हीच घे. गाय आहे गाय." तिथंच माझं डोकं फिरलं. येळवशीला गुत्तेदाराच्या नाकावर टिच्चून जायचं आणि ते गाईवर बसून? तसल्या मोटरीला बघून एखादी पोरगी फार तर जीभ बाहेर काढून दाखवेल, डॉक्टर आला म्हणून.

मग तिसरी दिसली. तांबडीभडक! उघडी, पुढं दोघांची बैठक, मागं झाकण उघडलं की पेटीसारखी आणखी एक जागा, आणि रबरी भोंगा असा की दाबला की मोर दचकावा. दार उघडत नाही, म्हणून उडी मारून बसायचं. (दार नादुरुस्त आहे म्हणणारे म्हणोत, मी म्हणतो त्यात ऐट आहे.) रेवणप्पानं दोष काढले. चाक आपोआप उजवीकडं ओढतं, ब्रेक हा नुसता विचार आहे, पाण्याची टाकी गळते. मी म्हणलं, रेवण्या, माणसात दोष नसतेत का? आम्हा दोघांच्या वर्षाच्या फीत ती बसत होती, म्हणजे रेवणप्पाच्या फीत थोडी आणि माझ्या फीत जास्त. मोटर घेऊन वसतिगृहात गेलो तर रेक्टरसाहेब म्हणाले, आवारात मोटर ठेवता येणार नाही. मी जागच्या जागी उत्तर दिलं की जिथं माझी मोटर राहत नाही तिथं मी राहत नाही. कॉलेज सुटलं ते असं. मानानं सुटलं. लोक सांगतात तसं नापासबिपास काही नाही, परीक्षेला वेळच मिळाला नाही.

येळवशीच्या दिवशी दिवस उगवायला हुमनाबादचा रात्रीचा मुक्काम सोडला. रेवणप्पा मागच्या पेटीत. पुढची डावी जागा मी कुणाला दिली नाही, ती कुणासाठी आहे हे तुम्ही ओळखलं असेल. सूर्य वर येऊ लागला, दोन्ही अंगाला ज्वारी पोटरीला आलेली, तांबडी मोटर, मी चाकावर! दाजी, तुम्ही बघायला पाहिजे होतात. पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. त्या दिवशी गावं ओस, सगळी माणसं शेतात, कडब्याच्या खोपटासारख्या कोपी घालून आत पाच दगडांचे पाच पांडव पूजायलेली, आणि वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला जेवल्याबिगर सोडायचं नाही हा आपला रिवाज. सायकलवाला निसटू शकतो, तांबडी मोटर कशी निसटेल? पहिल्या शेतात भज्जी-भाकरी, दुसऱ्या शेतात उंडे, तिसऱ्यात खीर. नको म्हणलं की, "कामून? मोटरवाल्यांना आमचं चालत न्हाई व्हय?" असा टोला. मी टोला सोसणारा माणूस नाही, प्रत्येक ठिकाणी मांडी घालून जेवलो. आणि जेवण झालं की मोटर चालू होईना. हँडल मारून मारून हात गेले की मग अख्खं शेत मागून ढकलायला, भीमाचा जयजयकार करत.

राजेश्वर कोसभर राहिलं आणि टाकीतनं वाफ निघायला लागली. पाणी संपलेलं. तिथं महादेवप्पा म्हणून एकाची कोप होती, त्याची विहीर दोन शेतं पलीकडं, आणि तिकडं गुत्तेदार पाटलांच्या पंक्तीला बसायची वेळ झालेली. महादेवप्पाची म्हातारी निलम्मा कोपीतनं आंबिलीनं भरलेली मातीची घागर, केळी, घेऊन आली. म्हणाली, "ही वत की बाळा. माणसाच्या पोटातली आग इजतीय, हिच्या इजना व्हय?" आता ताकात कालवलेल्या ज्वारीच्या पिठासारखं थंड दुसरं काय आहे जगात? रेवणप्पा मागच्या पेटीतनं ओरडायला लागला, "बेड अण्णा, बेड!" पण त्याचं कानडी नको-नको ऐकत बसायला वेळ नव्हता. केळी रिकामी केली. आणि सांगतो दाजी, अर्धा कोस मोटर अशी शांत चालली की मी रेवणप्पाला मागं वळून विचारलं, आता बोल. मग वास यायला लागला. चांगला वास, आपल्या घरी चुलीवर पीठ शिजतं तसा. मग टाकी आतनं गुरगुरायला लागली.

राघोबा पाटलांचं शेत सडकेला लागूनच आहे. उतार, उताराच्या तळाशी कोप, कोपीपुढं जाजम, जाजमावर गुत्तेदाराची माणसं. (त्यांचा लेक बुटाला माती लागेल म्हणून आपल्या मोटरीतच बसून थर्मासमधला चहा पीत होता. आंबील त्याला आंबट लागते म्हणे. असल्याला राजू!) पाटील हातात केळी घेऊन शेताच्या कडेनं आंबील शिंपडायला निघणार, तेवढ्यात टाकीचं झाकण उडालं आणि माझी मोटर सडक सोडून शेतात शिरली. मी छाती ताठ ठेवून चाकावर होतो. चाक उजवीकडं ओढत होतं, मी ओढू दिलं. आणि मोटर पाटलांच्या पिकाला कडेकडेनं, पांडवांना उजवी घालून, पूर्ण एक प्रदक्षिणा करून आली, चारी अंगाला ऊन ऊन आंबील उडवत! अख्ख्या मोगलाईत अशी आंबील कुणी शिंपडली असेल तर मला दाखवा. बायकांनी पदर डोक्यावर घेतले, गड्यांनी हात जोडले, कुणीतरी आंबील शिंपडताना म्हणतात तसं "ओलगे ओलगे" ओरडायला लागलं. शेवटी मोटर हरभऱ्यात रुतून उभी राहिली. थोडी आंबील गुत्तेदाराच्या फेट्यावर पडली. ते उठून गेले, आणि त्यांना कुणी बसा म्हणलं नाही.

पाटलांनी मला आपल्या पानाशेजारी बसवलं. म्हणाले, "तीस वर्सं आंबील शिपडायलोय, यंदा देवानं सोताच शिपडली. आमच्या घरची आंबील ज्याला वंगाळ लागती त्याची मोटर घिऊन मी काय करू?" मग हळूच, "पौषात बोलणं नसतंय. माघ लागला की तुझी वडीलधारी माणसं येऊ दे." राजू वाढायला होती. माझ्या पानात दोनदा आंबील वाढली, आणि तिसऱ्यांदा वाकून एवढंच म्हणाली, "ती मोटर हाकायला मला शिकवणार असाल तर बघू." दाजी, एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. (वाटेतली तीन जेवणं धरू नका.)

असो. अक्काला नमस्कार, लेकरांना गोड पापे, आपण गुडघा जपावा ही विनंती.

आपला,
ग्यानबा

ता. क. आता कामाचं. अप्पांना अजून वाटतंय, आपला लेक हैदराबादेत अभ्यास करायलाय. तुम्ही आणि अक्का खटकचिंचोळीला जाऊन त्यांना आधी मुलगी सांगा, मग पाटलांची जमीन सांगा, मग मोटर, आणि कॉलेजचं अगदी शेवटी, तेही ते जेवत असतील तर राहू द्या. माघ लागला की लगेच त्यांना राजेश्वरला घेऊन यायचं तुमच्याकडं लागलं. म्हणून म्हणलो, अक्काला आत्ता एकटीला पाठवू नका. ती पाच मिनिटांत सगळं सांगून बसेल.

दुसरी ता. क. मोटर शेतात शिरली तेव्हा मी चाकावर होतो असं वर लिहिलंय. ते अप्पांना सांगायला ठीक आहे. झाकण उडालं तशी ऊन आंबील तोंडावर आली आणि मी बाहेर उडी टाकली. गॅसची, म्हणजे वेगाची, दांडी हातानं लावलेली असते, ती तशीच राहिली. प्रदक्षिणा घातली ती मोटरीनं एकटीनं, मागच्या पेटीत डोळे मिटून बसलेल्या रेवणप्पाला घेऊन. मी ज्वारीतनं मोटरीमागं धावत होतो, दोनदा पडलो, आणि मोटर रुतल्यावर उडी मारून चाकावर जाऊन बसलो. वाफेत कुणाला काही दिसलं नाही.

तिसरी ता. क. एकीला दिसलं. राजू पाखरं हाकायच्या माळ्यावर उभी होती. काल विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "धावायला बरं येतंय की तुम्हाला." मी म्हणलं, बापाला सांगितलंस का? म्हणाली, "मी कामून सांगू? त्यांना येवढा आनंद झालाय." दाजी, माझं तोंड फाटकं, अक्काचं त्याहून फाटकं. झाकून ठेवणारं माणूस आपल्या घरात एक तरी यायला पाहिजे. उशीर करू नका.