खारट थापा

सोलापूर, रविवार

प्रिय शिवू,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आज मला पुष्कळ बोलायचंय. शिवाय तुला आपल्या या अक्काला हसायचं असेल तर कागद बरा, दोनदा हसता येतं.

जिभेच्या कॅन्सरचा शेक संपल्यापासून माझं बरं चाललंय. रेडिएशनला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात, जणू माझा गुडघा दुखत होता. लाळेच्या ग्रंथी जपून शेक दिला म्हणे डॉक्टरांनी, म्हणून तोंडाला थोडी तरी ओल आहे. तरी पाण्याची बाटली सतत जवळ लागते, आणि भाकरी आमटीत कुस्करून खाते. मीठ-सोड्याच्या गुळण्या चालूच आहेत. जबडा आखडू नये, गिळताना त्रास होऊ नये म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम लावून दिलेत. आ वासायचा, जीभ बाहेर काढायची, इकडून तिकडे फिरवायची. मी ते खिडकीच्या उजेडात आरसा धरून करते. समोरच्या बनाबाईंना आरसा दिसला नाही, जीभ तेवढी दिसली. काही दिवस त्यांनी सोसलं, मग आल्या दारात. "म्या तुमचं काय घोडं मारलंय व्हय? रोज सकाळी वेडावून दावताय ते." सगळं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसत बसल्या. आता समोरून त्याही जीभ काढून मला सोबत करतात. गल्लीतली पोरं दोघींना बघायला थांबतात.

एक गोष्ट मात्र मी तुला सांगितली नव्हती. माझी चव गेली होती. येईल हळूहळू, पण सगळी येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. गोड, आंबट, सगळं सारखंच, ओला कागद चघळल्यासारखं. सगळ्या भावकीला शेंगाची चटणी कुटून देणारी मी, आणि माझीच जीभ मुकी. फार भ्याले होते गं. बोलले तर खरं होईल म्हणून कुणाकडे बोललेही नाही. संक्रांतीला नुसत्या हाताच्या अंदाजानं चटणी कुटली. तुझे दाजी म्हणाले, फक्कड झालीय. सूनबाईनं पुन्हा मागून घेतली. तुला मैंदर्गीला डबा धाडला, तर तुझा लगेच फोन, "अक्का, तुज्या हाताला तोड न्हाय की." त्या वाक्यावर मी इतके दिवस काढले. जीभ गेली तरी हात शाबूत आहे, म्हणायची.

आज सकाळी त्याच बरणीतली चिमूटभर चटणी दह्यात कालवून जिभेवर ठेवली. शिवू, ती खारट लागली. साधी खारट नाही, मीठ दोनदा पडलंय त्यात. मी रडायलाच लागले. दाजी घाबरून धावत आले, मी म्हटलं, "खारट हाय." तर हा माणूस जमिनीकडे बघत म्हणतो, "व्हय, लई खारट हाय." मग तोही रडला. सूनबाई चटणीबरोबर तांब्याभर पाणी का प्यायची, तेही आज कळलं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते तुम्हा सगळ्यांकडून शिकावं.

म्हणून हे पत्र. तुझ्याकडचा डबा अजून भरलेलाच असणार, तो टाकून दे. सोबत नवी चटणी पाठवतेय, आजच कुटलेली, माझ्या जिभेनं चाखलेली. तिखट अजून झोंबतं, त्यामुळे तिखटाचं मला कळलेलं नाही. खाऊन बघ आणि या वेळी थापा मारू नकोस. नावं ठेव, मला ती ऐकायचीत.

तुझीच, पुन्हा चाखू लागलेली,
अक्का