सहा आकडी कोड

प्रिय दादा,

घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. कागदावरचं पत्र बघून तुला वाटणार की काहीतरी भयंकर झालंय, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, त्यामुळे पेन शोधावं लागलं. का केलंस ते मला माहीत आहे आणि चूक माझीच आहे, त्यावर नंतर येते. शाळेत सगळे निबंध इंग्रजीत लिहिले, त्यामुळे मी बोलते तसंच लिहितेय. माझे ऱ्हस्व-दीर्घ बघून हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

आईचं पुस्तक गेलंय. तू शेवटचा आलास तेव्हा ते अर्धं झालं होतं, आता पूर्ण झालं होतं. दोनशे बारा पानं. तक्त्यातल्या मापात न बसणाऱ्या माणसांचे कपडे कसे बेतायचे, त्याचं. एक खांदा उतरता असलेला पोस्टमन, पाठीत वाकलेल्या आजी, चाकाच्या खुर्चीत बसणारी ती ग्रंथपाल, ऑपरेशननंतर एका बाजूने सपाट झालेली तिची मैत्रीण. प्रत्येकाचा कागदी नमुना, त्याचा फोटो आणि खाली आईच्या भाषेत सूचना. एका बोटाने टाईप करून सहा वर्षं. शिवणकामाच्या शाळेच्या बाई नव्या वर्गाला हेच शिकवणार आहेत, छापखानेवाले काका पानं लावायला बसले होते. आईने त्यांना पेन ड्राइव्ह नेऊन दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की वहिनी, ह्यात काहीच नाही.

तुला कळलंच असेल. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट. त्या चित्रांच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो ना, आत फाइल नसते, ते. आईने एकेक चित्र नीट उचलून पेन ड्राइव्हमध्ये ठेवलं, दोनशे बारा वेळा. घर हलवायचं म्हणून दारावरच्या पाट्या काढून नेल्यासारखं झालं. आणि तोपर्यंत, पुस्तक झालं, आता तो लागणार नाही म्हणून, मी तिचा जुना कम्प्युटर पूर्ण पुसून लायब्ररीच्या लहान मुलांच्या खोलीत देऊन टाकला होता. तिथे त्यावर नवी सिस्टीम टाकली, तीन आठवडे मुलं त्यावर डायनासोर रंगवतायत. मी पुसलेलं परत आणणारी तीन सॉफ्टवेअर चालवून बघितली. चौदा फोटो मिळाले. त्यातले नऊ नुसत्या मोजपट्टीचे आहेत.

मी लायब्ररीत काय करते हे तुला नीट माहीत नाही बहुतेक. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक टेबल, दोन खुर्च्या आणि 'कम्प्युटरचं काहीही विचारा' अशी पाटी. पाटी मीच रंगवली, उत्साहाच्या भरात. तो 'काहीही' मला फार महागात पडलाय. एक सुतारकाका आले. फॉर्ममध्ये लिहिलं होतं की फोटो पन्नास केबीपेक्षा लहान हवा. त्यांनी पासपोर्ट फोटो ब्लेडने कापून कापून नखाएवढा केला होता आणि शांतपणे विचारत होते की पोरी, अजून किती तासू. मग एक निवृत्त बसड्रायव्हर. त्यांच्या फोनवर एकसष्ट पानं उघडी होती, कारण त्यांना वाटायचं आपण बंद केलं तर ते पान सगळ्यांसाठीच बंद होईल, उगाच लोकांची अडचण नको. एक मास्तर 'अटी मान्य' दाबायच्या आधी सगळ्या अटी वाचतात. चौदाव्या अटीचा अर्थ विचारायला आले. दादा, मला नाही सांगता आला. मी आजवर एकही अट वाचलेली नाही.

सुरुवातीला मला हे जाम आवडायचं. आता चार वाजले की डोकं उठतं. माझा राग त्यांच्यावर नाही रे. ज्यांनी ह्या वस्तू बनवल्या त्यांनी सुतारकाकांना एकदा तरी समोर बसवून बघितलं होतं का, ह्याचा राग येतो. 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' हे काय वाक्य आहे? काय चुकलं, कोणाचं चुकलं, नंतर म्हणजे कधी? आणि हे वाचून प्रत्येक माणूस माझ्याकडे वळून म्हणतो की मलाच नाही कळत ह्यातलं. आख्खं आयुष्य बस चालवलेला माणूस असं म्हणतो. पण मी चिडत नाही. सगळे म्हणतात, ह्या मुलीला केवढा धीर आहे. घरी आले की तो धीर चपलांबरोबर बाहेर राहतो.

तू आईला कसं शिकवलंस ते आठवतंय? तेव्हा तू चौदाचा होतास आणि जुने सुटे भाग जोडून तो कम्प्युटर बनवला होतास. बाबा म्हणाले होते, घर पेटवशील. आईला टाईप करायची भीती वाटायची, चुकीचं बटण दाबून काही फुटेल म्हणून. तर तू तिच्याच कटिंगच्या ब्राऊन पेपरवर, तिच्याच खडूने, आख्खा कीबोर्ड काढून दिलास. ती मशीनवर बसून एका बाजूने शिवायची आणि मध्येच त्या कागदावर बोट टेकवून अक्षर शोधायची. तू शेजारी जमिनीवर बसून तिचं बोट चुकलं की फक्त खाकरायचास. मी सहा वर्षांची होते, मला चालू करायचं बटण दाबायचा मान होता. त्या महिन्यात तू तिच्यावर एकदाही आवाज चढवला नाहीस. मी तेव्हापासून ठरवलं होतं की मोठं होऊन दादासारखं व्हायचं. म्हणून तर ते टेबल.

आणि मग तो प्रिंटर. तुला कदाचित आठवतही नसेल. दोन वर्षं झाली. पान अर्धंच छापून येत होतं आणि आईने तुला दुपारपासून चार वेळा फोन केला होता. तुझी कसलीतरी मीटिंग होती. चौथ्या वेळी फोन स्पीकरवर होता, मी इस्त्री करत होते. तू म्हणालास, "आई, तुला हे जमणारच नाही. सोड ना आता." तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर ती भांडली असती. ती म्हणाली, बरं, जेव तू वेळेवर, आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने तुला एकही प्रश्न विचारला नाही. तुझ्या लक्षात आलं का, की त्यानंतर तुमचं बोलणंच बंद झालं? कसा आहेस, बरा आहे, तू कशी, बरी, ठेवते. तू गेल्यापासून तुम्ही दोघं प्रिंटरवर आणि पासवर्डवरच तर बोलायचात. दुसरं काही बोलायची तुम्हाला सवयच नव्हती. ते गेलं आणि मग काय उरणार.

मला वाटायचं, दादाने असं बोलायला नको होतं. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुला नावं ठेवली. आता माझं ऐक.

कम्प्युटर द्यायच्या आदल्या दिवशी आई पेन ड्राइव्ह लावून माझ्याकडे आली. म्हणाली, बघ ना, सगळी पानं आली का नीट. ती त्या दिवशी मला सहाव्यांदा काहीतरी विचारत होती. मी दिवसभर लोकांच्या फोनमध्ये डोकं घालून आले होते, कानात हेडफोन होते, कसलातरी व्हिडिओ चालू होता. मी मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. बाण दिसले, दादा. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातला तो बाण मला दिसला. मनात आलंही, की हे शॉर्टकट आहेत, उद्या नीट करून देऊ. आणि तोंडाने म्हणाले, हो गं, आलं सगळं, कितीदा विचारशील. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसताना ते मला आठवलंच नाही.

छापखानेवाल्या काकांचा फोन आला तेव्हा आई त्यांना म्हणाली, मलाच नाही कळत ह्यातलं. बाबांना तेच म्हणाली. शाळेच्या बाई घरी आल्या तर त्यांचीच समजूत काढत बसली. आणि मी तिथेच उभी राहून तिला तसं म्हणू दिलं. तीन आठवडे. ती आता वहीत पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला लागलीये. पोस्टमनकाकांना परत मापं द्यायला बोलावलं. ते आनंदाने आले, पण त्या आजी आता नाहीत, त्यांची मापं कुठून आणायची? ते पान कोरं सोडून ती पुढे गेली. मला ते बघवेना. परवा मी तिला बाणांचं सांगितलं. मला वाटलं, चिडेल, निदान एक दिवस अबोला धरेल. तिने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस हं. त्याला वाटेल, अजून जमत नाही हिला."

मी हो म्हणाले आणि आता लिहून सगळं सांगतेय. शब्द मोडतेय, कळतंय मला.

कारण कदाचित सगळं गेलेलं नाही. तिच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर तुझ्या अक्षरात एक ईमेल आयडी सापडला. तिचं खातं तूच उघडून दिलं होतंस. तुझी सवय मला माहीत आहे. तू तिच्या फोल्डरची कॉपी आपोआप ऑनलाइन जाईल असं नक्की करून ठेवलं असशील आणि तिला सांगितलं नसशील, कारण सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. पासवर्ड तिला कधी टाकावाच लागला नाही, कम्प्युटरलाच पाठ होता. 'विसरलात का' दाबलं तर ते म्हणतं, सहा आकडी कोड पाठवलाय, आणि ज्या नंबरवर पाठवलाय त्याचे शेवटचे दोन आकडे दाखवतं. तो तुझा नंबर आहे.

तर गेल्या पंधरा दिवसांत तुला पाच वेळा आलेले ते कोड माझे होते. आणि मी, जी दिवसातून वीस माणसांना बजावते की कोड कोणालाही सांगू नका, जवळच्या माणसाच्या नावाने मेसेज आला तरी नाही, त्या मीच तुला लिहिलं, 'दादा अर्जंट, आलेला कोड लगेच पाठव, आईला सांगू नकोस.' पाठवल्यावर वाचलं तेव्हा कळलं की चोर शब्द न् शब्द हेच लिहितात. तू बरोबर केलंस. मी माझ्या टेबलावरच्या कोणालाही हेच करायला सांगितलं असतं. लायब्ररीच्या फोनवरून केला तर 'कोड' शब्द ऐकताच तू ठेवून दिलास. मग तू आईला फोन करून सांगितलंस की चिडकीचं, म्हणजे माझं, खातं चोरीला गेलंय, कोणाला काही देऊ नका. तुला हे माहीत नसेल, पण त्या दिवशी आई खूश होती. संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, मुलाचा फोन आला होता, आपणहून. मी आईच्या फोनवरून तुला गाठलं असतं, पण हे सगळं मला फोनवर बोलता आलं नसतं. आणि ती समोर असताना तर नाहीच.

आता काय हवंय ते सांगते. हे पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील. पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी आईला माझ्या लॅपटॉपसमोर बसवणार आहे. बटण ती दाबेल. कोड कुठे जातो ते मी तिला सांगितलेलं नाही, एवढंच म्हटलंय की एकदा प्रयत्न करून बघू. कोड दहा मिनिटं चालतो. तू तिला फोन कर. मला नको, तिला. मी बाहेर जिन्यात बसलेली असेन. ती एका बोटाने टाकेल, तिला वेळ लागेल, मध्ये एखादा आकडा पुन्हा विचारेल. फाइल्स तिथे आहेत की नाहीत, देव जाणे. नसल्या तर ते तिला तूच सांग, मला सांगता येणार नाही. आणि समजा पत्र उशिरा पोचलं, किंवा तुझी मीटिंग असली, तर तिला वाटेल आपलंच काही चुकलं. पण ती सोडणार नाही, मी ओळखते तिला. त्याच्या पुढच्या रविवारी अकराला पुन्हा दाबेल, मग त्याच्या पुढच्या. दर रविवारी तुझ्या फोनवर सहा आकडे येतील. पुसून टाकू नकोस, दादा. ती आई आहे.

तुझीच, बाणांच्या वेळी गप्प बसलेली,
चिडकी