अंदमानात भरलेलं पाणी

नाशिक,
२ फेब्रुवारी १९९५

ती. स्व. कालिंदीआत्यास,
उपेंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू आईला घेऊन अंदमानच्या सहलीला निघाली आहेस हे वाचून शैलजा आणि मी दोघंही काळजीत पडलो. तू म्हणशील, आई तुझ्याहून वर्षभरानंच मोठी. पण तुझी गोष्ट वेगळी आहे. तू सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणसांना धाकात ठेवण्यात घालवलीस. आई अण्णांशिवाय लासूर स्टेशनच्या पुढं कधी एकटी गेली नाही, आणि आता तर अण्णाही नाहीत.

स्पष्टच लिहितो. दिवाळीत ती आमच्याकडे महिनाभर होती, तेव्हा दिवसभर पाणी भरत बसायची. आमच्या नळाला कायम पाणी असतं हे तिला किती वेळा सांगितलं. तरी घागरी, पातेली, कुकर आणि शेवटी देवाचं ताम्हनसुद्धा भरलेलं. शैलजा ऑफिसातून आली की ओट्यावर कप ठेवायला जागा नसायची. ओतून दिलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं, आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. स्वयंपाकाला बाई आहे, धुण्याला मशीन आहे, तरी तिला चैन नाही. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या वयात मन एखाद्या गोष्टीत अडकून बसतं, पुढं ते वाढतं, यांना एकटं ठेवू नका.

म्हणून पाडवा झाला की मी येऊन तिला कायमची इकडे आणणार आहे. खोली रंगवून तयार आहे. चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी अशा माणसाला नेणं मला ठीक वाटत नाही. सहल रद्द करावीस ही विनंती.

तुझा लोभ आहे या भरवशावर हे लिहिलं. रागावलीस तरी तो काढून घेऊ नकोस.

तुझा,
उपेंद्र

—

समर्थनगर, औरंगाबाद,
८ फेब्रुवारी १९९५

चि. उपेंद्र यास,
कालिंदीआत्याचे अ. उ. आ.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडल्यावर घरातलं काही फोनवर बोलू नये एवढं मला कळलं आहे.

सहल रद्द होणार नाही. ‘अशा माणसाला’ हे तुझे दोन शब्द मी वहिनीला वाचून दाखवले नाहीत. तू ते परत घेशील तोवर ते माझ्याकडे ठेवते.

वहिनी आणि मी राहतो, त्याच या घरात तू वाढलास ना? इथं पाणी दिवसाआड येतं, तेही नळाच्या मर्जीनं. पाणी न भरणाऱ्या बाईला या गावात वेडी म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात तू शाळेत होतास आणि तुझा पांढरा शर्ट रोज धुतलेला असायचा. त्याला पाणी कुठून येत होतं, हे तेव्हा कुठल्या डॉक्टरांना विचारावंसं तुला वाटलं नाही.

तरी एक कबूल करते. तुझ्या घरी नळ कधी थांबत नसताना तिनं ताम्हनापर्यंत का जावं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. खोटं लिहिणार नाही. कॉन्व्हेंटात खोट्याला तळहातावर पट्टी मिळायची आणि तो हात अजून विसरलेला नाही. तेव्हा असं करू. सहलभर मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन आणि जे दिसेल ते जसंच्या तसं तुला कळवीन. तुझं म्हणणं खरं निघालं तर पाडव्याला तिची बॅग मीच भरून देईन. तोवर रंगवलेल्या खोलीची खिडकी उघडी ठेव, म्हणजे वास जाईल.

सहल आपल्याच गावच्या दत्तोपंतांची आहे. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढं बोट. बरोबर बहुतेक सगळे पेन्शनर, बजाजनगरचे एक पाहुणे, आणि सिल्लोडच्या आवडाबाई, ज्यांच्या घरचा कापसाचा व्यापार आहे. वहिनीनं वाळूत चालायला नवी चप्पल घेतली असून ती घालून गच्चीवर सराव चालू आहे.

लोभ आहे. सध्या रागाखाली दबला आहे, पण आहे.

तुझी,
कालिंदीआत्या

—

पोर्ट ब्लेअर,
६ मार्च १९९५

चि. उपेंद्र यास,
अ. उ. आ.

कबूल केल्याप्रमाणे लिहिते. आधी तुझ्या बाजूचं.

मद्रासला बोट सुटली तेव्हा सगळे कठड्याला टेकून हात हलवत होते. धक्क्यावर कोणाचंच कोणी नव्हतं, तरी हलवत होते. वहिनी मात्र पिण्याच्या नळापाशी बाटल्या भरत होती. पुढं रोज सकाळी तेच. आवडाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की बाईंना लई तहान लागती का. मी होय म्हटलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यालाबी लागायची, साखरेचा आजार निघाला.

समुद्र मी पूर्वी मुंबईला पाहिला होता आणि त्याच्याविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. इथला पाहून ते मागं घ्यावं लागलं. आधी शाईसारखा, मग मोरपिसाच्या मधल्या ठिपक्यासारखा, आणि बेट जवळ आलं की तळाची वाळू दिसावी इतका नितळ. मला तक्रारीला जागाच सापडेना. मी दोन दिवस कोणाला काही बोलले नाही, हे दत्तोपंतांनी सगळ्यांदेखत नमूद केलं.

काल दुपारी हॉटेलात पोचलो. मी कपडे लावून वळते तो वहिनीनं दोन्ही बादल्या, प्लास्टिकचा मग, तांब्या आणि थर्मास भरून ठेवला होता. शिवाय मी करून आणलेला चिवडा वर्तमानपत्रावर ओतून त्या डब्यातही पाणी. दत्तोपंत दारातून डोकावले आणि मोठ्यानं हसले. आपली माणसं स्वर्गात गेली तरी आधी नळ शोधतील, असं म्हणाले. माझा तोल गेला. तिला काय बोलले ते लिहीत नाही. एक बादली तिच्यादेखत मोरीत ओतून दिली. तिनं रिकामी बादली उचलली आणि पुन्हा नळाखाली लावली. त्या क्षणी मला वाटलं की उपेंद्र म्हणतो तेच खरं, आता बॅग भरायची.

आता दुसरी बाजू. आज सकाळी हॉटेलातले सगळे नळ कोरडे. मॅनेजरनं सांगितलं की इथं उन्हाळ्याच्या तोंडावर असंच असतं, धरण खाली जातं, गावाला दिवसाआड पाणी मिळतं, आणि टँकर येईल तेव्हा येईल. थोड्या वेळानं दत्तोपंत तोंडाला साबण फासलेले, डोळे मिटलेले, भिंत चाचपडत आमच्या खोलीशी आले. वहिनीनं आधी त्यांचं तोंड धुऊन दिलं. कालच्या हसण्याचा शब्दही काढला नाही. मी काढला.

मग ती मोरीच्या दारात उभी राहिली. ज्यांची औषधं आहेत त्यांना आधी, मग बाकीच्यांना. चूळ भरायला पेलाभर, तोंडाला तांब्याभर, अंघोळीचं नाव काढायचं नाही. बजाजनगरच्या पाहुण्यांनी दाढीसाठी जास्तीचं मागितलं, तर म्हणाली की दाढी काय, उद्याही राहील गालावर. आवडाबाई पदर खोचून रांग लावत होत्या. एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून मी जे ओरडून करायचे ते ती हातात तांब्या घेऊन, आवाज न चढवता करत होती. मला असूया वाटली, हे लिहून ठेव.

तुला कसं कळलं, असं मी तिला विचारलं. म्हणाली की धक्क्यावरून येताना घराघरापुढं पिंपं मांडलेली होती, आणि दारात पिंपं मांडलेल्या गावाला पाणी रोज येत नसतं. उपेंद्र, आम्ही सगळे त्याच बसमध्ये होतो. सगळे त्याच औरंगाबादचे. आम्ही नारळ बघत होतो.

जी बादली मी ओतली आणि तिनं पुन्हा भरली, तिच्यातलंच पाणी शेवटपर्यंत पुरलं. लोभ कर, आणि हे पत्र शैलजालाही वाचायला दे.

तुझी,
आत्या

—

हॅवलॉक बेट,
९ मार्च १९९५

चि. उपेंद्र यास,
अ. उ. आ.

लहान बोटीनं इथं आलो. झाडी थेट वाळूपर्यंत येते आणि वाळू रांगोळीसारखी पांढरी. बेटामागून बेट झालं, प्रत्येक ठिकाणी मी ठरवते की आता पुरे झालं कौतुक, आणि पुढचं बेट मला खोटं पाडतं. निवृत्त झाल्यापासून इतक्या वेळा हार मानली नव्हती.

वहिनीचं ऐक. नवी चप्पल तिनं किनाऱ्यावर काढून ठेवली, नऊवारीचा कासोटा घट्ट केला आणि चालत सुटली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि मग चक्क आत बसली. लाट डोक्यावरून गेली. मी काठावरून तुझं, डॉक्टरांचं आणि देवाचं नाव घेऊन ओरडले. ती वर आली, तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि हसली. दादा, म्हणजे तुझे अण्णा, गेल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं. मग बाहेर येऊन तिनं माझा हात धरला आणि मलाही साडीसकट आत नेलं. कॉन्व्हेंटात आम्हांला पियानो शिकवला, भरतकाम शिकवलं, पाण्यात बसायला कोणी शिकवलं नाही. ते वहिनीनं शिकवलं.

निघताना सगळे बाटल्यांतून समुद्राचं पाणी भरून घेऊ लागले, देव्हाऱ्यात ठेवायला. दत्तोपंतांनी दोन भरल्या. वहिनीची बाटली रिकामी पाहून आवडाबाईंना मोठं नवल वाटलं. त्यांनी विचारलं की बाई, नळाचं थेंब थेंब भरता आन्‌ हितं एवढं पडलंय तर हात आखडता व्हय. वहिनी म्हणाली की जे संपत नाही ते भरायचं कशाला.

हे वाक्य तुझ्या डॉक्टरांना दाखव.

मला गप्प बसवेना. मी विचारलं की मग उपेंद्रच्या घरचा नळ तरी कुठं संपत होता. तिनं ओला पदर पिळला. मग म्हणाली की ते उपेंद्रला सांगायचं आहे, तुम्हांला नाही. मी तिची नणंद असून हे ऐकून घेतलं, यावरून इथल्या हवेचा गुण लक्षात घे.

बॅग भरण्याचा माझा शब्द मी मागं घेते. लोभ मात्र नाही घेत.

तुझी,
आत्या

—

नाशिक,
२० मार्च १९९५

ती. स्व. कालिंदीआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. शैलजानं मोठ्यानं वाचली. दत्तोपंतांच्या साबणाला दोघंही हसलो. तुझ्याकडे ठेवलेले ते दोन शब्द परत घेतो, माफ कर.

पण आत्या, एक गोष्ट सुटत नाही. कुठलं पाणी संपतं आणि कुठलं नाही, हे आईला इतकं नेमकं कळतं, तर आमच्याकडेही कळत असणार. मग ती का भरत होती? शैलजा दोन दिवस तीच पत्रं पुन्हा काढून वाचते आहे. आपल्याकडून काही कमी पडलं का, असं तिला वाटतं. कमी काहीच नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगतो.

आईनं स्वतः लिहावं. तिथं तुम्ही दोघीच राहाल या विचारानं मला अजूनही धास्ती वाटते, म्हणून पाडव्यानंतरचं येण्याचं ठरलेलं मोडलेलं नाही. परतीची तिकिटं दोघांची काढली आहेत.

जशी रागावतेस तशीच जीव लावत राहा.

तुझा,
उपेंद्र

—

औरंगाबाद,
२५ मार्च १९९५

चि. उपेंद्र व चि. सौ. शैलजा यांस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मला वन्संसारखं लिहिता येत नाही. समजून घ्या.

शैलजा, तुझ्याकडून काहीच कमी पडलं नाही. उपेंद्र म्हणतो ते खरं आहे. सगळं होतं, म्हणून तर हे झालं. सकाळी मी विळी पुढं ओढली की तू हातातून गवार काढून घ्यायचीस आणि म्हणायचीस की तुम्ही आता आराम करा. मायेनंच म्हणायचीस. भांड्यांना हात लावला तर बाई धावत यायची, तिलाही तुम्ही सांगून ठेवलं होतं. दुपारी मी एकटी. घर लखलखीत आणि कशालाच माझी गरज नाही. माझ्या हातानं उघडण्यासारखा तेवढा नळ होता.

उपेंद्र, तो थांबणार नाही हे मला ठाऊक होतं. मी खुळी नाही. पण पातेलं भरलं की दिवसभरात काहीतरी केलं असं वाटायचं. संध्याकाळी तुम्ही ओतून द्यायचा. म्हणजे उद्याचं काम उरायचं. तुला हे कसं सांगावं कळेना. तू मला इतक्या सुखात ठेवलं होतंस, त्यात तक्रार कोणत्या तोंडानं करायची? मग तू मला डॉक्टरांकडे नेलंस, तेव्हा तर बोलणंच खुंटलं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तेही आजारातच धरलं असतं.

इथं पाणी आलं की अख्खी गल्ली जागी होते. वन्सं गच्चीवरून टाकी भरली म्हणून ओरडतात. खालच्या भाडेकऱ्यांच्या सुनेला दिवस गेलेत, तिचं पाणी मी भरते. माझ्यावाचून तिचा खोळंबा होतो. मला खोळंबा झालेला आवडतो रे.

समुद्र फार मोठा होता. त्यात बसले तेव्हा तुझे वडील असते तर काय म्हणाले असते, ते मनात आलं. ते म्हणाले असते, भानू, पुरे आता, सर्दी होईल. मग मी आणखी एक लाट घेतली.

तू ये. पण मला न्यायला नको, दोन तिकिटांतलं एक परत कर. पाण्याचा दिवस बघून ये. भरलेली घागर खालून उचलायला आता माझी कंबर साथ देत नाही आणि वन्संना सांगितलं तर त्या महापालिकेला पत्र लिहितात. तेवढं तू आल्यावर करशील.

मे महिन्यात मीच चार दिवस तिकडे येईन. आराम करायला नाही, राहायला. माया आहेच तुमची, तिला थोडं माझ्यासाठी काम काढायला सांगा.

तुमची,
आई

ता. क. शैलजा, मी येईन तेव्हा गवार मोडून ठेवू नकोस. तशीच राहू दे.