गोल बुडाचे नट

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनीच्या गाडीची चाकं आली! काळी, पाच आऱ्यांची, बर्फाचे टायर आधीच चढवलेले. एका पोराने गाडी विकली आणि चाकं मला दिली. वहिनीला म्हटलं, या हिवाळ्यात कंपनीची ती रडकी चाकं नकोत, ही माझ्याकडून भेट. ती म्हणाली, "कोकोय, चाकं गोल असली की मला पुरे."

पण नट नाहीत. म्हणजे आहेत, कंपनीचे. त्यांचं बूड गोल, वाटीसारखं. या चाकांची भोकं आत निमुळती होत जातात, त्यात निमुळत्या बुडाचाच नट नीट बसतो. गोल बुडाचा नुसता कडेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो. आटे मात्र तेच, जाडी तीच. त्यामुळे फसायला अगदी सोपं. गाड्यांच्या ग्रुपवर एक जण म्हणतो, "बसतात रे, मी दोन वर्षं असाच फिरतोय." त्याला एवढं मोठं उत्तर लिहिलं की आईला वाटलं मी अभ्यास करतोय.

नवे नट मागवलेत. बुधवारी येतील.

९ नोव्हेंबर, रविवार

वहिनी अचानक आली. दादा कामावर. त्यांची लेक टाला मागच्या सीटवर, जाड जॅकेट, टोपी, मांडीवर बॅग.

"आज बसव."

"बुधवारी नट येतायत गं."

"आज बसव, कोकोय."

मी समजावलं. गोल, निमुळतं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जुने दोन-तीन दिवस नाही का चालणार?" तिचे जुने टायर पार गुळगुळीत झालेत, आणि बर्फ तर सांगितलाच आहे. मी म्हटलं, बरं. पण गावातल्या गावात चालव, हळू. बुधवारी ये, बदलून देतो. हायवेला अजिबात नको.

"मी कुठे जाणारे?"

नट एकेक करून तीच हातात देत होती. उजव्या हाताने. डावा खिशातच. मी विचारलं नाही. आमच्या घरात कोणी विचारत नाही.

पाना कट्कन वाजला, म्हणजे नट हवा तेवढा घट्ट. हाच तर घोळ आहे. चुकीचा नटसुद्धा तसाच वाजतो.

जाताना तिने माझी टोपी नीट केली. असं ती कधी करत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वहिनी गेली. टालाला घेऊन. दादा सकाळी कामावरून आला तर घर रिकामं. तिचा फोन बंद करून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला.

दादा आमच्या स्वयंपाकघरात बसून रडला. खरं रडला. आई त्याच्या ताटात भात वाढत राहिली. "येईल रे. रागावली असेल."

"तुला काही बोलली का?" त्याने मला विचारलं.

नाही म्हटलं. खरंच काही बोलली नव्हती. चाकांबद्दल त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मला पहिल्यांदा पाना धरायला यानेच शिकवलं. आमचे पप्पा गेले तेव्हा दादा कॉलेज सोडून कामाला लागला. हा माणूस वाईट आहे असं लिहायला हात चालत नाही. पण त्यांच्या फ्रिजशेजारी भिंतीला मुठीएवढं भोक आहे आणि त्याच्यावर चर्चचं कॅलेंडर लावलंय. ते कुणी लावलं? आईनेच.

विचार करतोय, ती हायवेलाच असणार. दुसरीकडे कुठे असणार? मागे टाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोलिसांना फोन केला. गाडीचा नंबर सांगितला, चाक सैल होऊ शकतं म्हणून सांगितलं.

"कुठल्या रस्त्याला?"

"माहीत नाही."

"गाडी तुमची?"

"भावाची."

"मग भावाला फोन करू दे ना."

लिहून घेतलं म्हणाले. काय लिहिलं, देव जाणे.

मग बायकांच्या आसऱ्याच्या नंबरला केला. फोनवरची बाई सावध. "इथे कोण आहे, कोण नाही, आम्ही सांगत नाही."

"सांगू नका. फक्त निरोप द्या. तिला म्हणावं नट बदल."

"काय बदल?"

"नट. चाकाचे."

मग म्हणाली, "तुम्ही तिचे कोण?"

"दीर."

यानंतरचं तिचं बोलणं अगदी पाठ केल्यासारखं होतं.

दादाने रेजायना शहरात वहिनीच्या चुलतबहिणीला चार वेळा फोन केला. तिकडेच गेली असणार म्हणतो. म्हणजे पश्चिमेला. मला काहीच कळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नट आले. सुंदर आहेत. निमुळते, काळे, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला. चाकांच्या मापात तंतोतंत.

डबा पलंगाखाली सरकवला. नजरेसमोर नको.

दादाला सांगायचं का? गाडी त्याच्या नावावर. त्याने सांगितलं तर पोलीस ऐकतील, शोधतील, थांबवतील. म्हणजे चाक वाचेल आणि ती सापडेल. नाही सांगितलं तर ती सापडणार नाही, आणि चाक... दोन्हीकडून दोषी मीच.

त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. आत तो फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "मी तिला काही करणार नाही, फक्त बोलायचंय." याच आवाजात तो पूर्वी मला झोपवायचा. परत आलो.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरायची फळी धूत होती, धूतच राहिली. "नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, बाळा."

"आणि चाक निघालं तर?"

"देवाला सांग."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बर्फ. बातम्यांत अपघात, दोन ट्रक. कार नव्हती. परत परत पाहिलं. कार नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दादा धावत आला. कार्डाचा मेसेज. ड्रायडन गावातलं टायरचं दुकान. पूर्वेला! एवढे दिवस जवळच कुठेतरी लपून राहिली असणार. तिच्याकडची रोकड संपली असणार, म्हणून दोघांचं कार्ड वापरलं.

त्याने लगेच दुकानात फोन लावला होता. गोड आवाजात, बायकोची काळजी वाटते म्हणून. दुकानदार भला माणूस, सगळं सांगून मोकळा. गाडी थरथरत होती म्हणून बाई आत आल्या. नट सैल, चाकांची भोकं लांबट झालेली. दोन चाकं बदलायची, ती दुसऱ्या गावाहून येतायत. रात्रीपर्यंत होईल. बाई आणि मुलगी समोरच्या मोटेलात थांबल्यात.

"कुठल्या गाढवाने हे नट लावले, असं विचारत होता," दादा म्हणाला, आणि हसला. भेटीची चाकं माझी, हे त्याला ठाऊक होतं. मला मिठी मारली. "तुझ्या चाकांनी काम केलं बघ."

मिठीतून सुटून मोरीत गेलो, नळ सोडून तोंड धुतलं.

ती जिवंत आहे. टाला जिवंत आहे. आणि नीट नट लावले असते तर आत्तापर्यंत ती कुठच्या कुठे असती.

"किल्ली दे," दादा म्हणाला. "तुझी गाडी नेतो. चार तासांत पोचेन."

मी म्हटलं, हिवाळ्याचं थोडं काम बाकी आहे, अर्ध्या तासात देतो. अंघोळ कर तोवर. जेव.

"शहाणा माझा," म्हणाला. आई त्याला सूप गरम करून देतेय.

१४ नोव्हेंबर, थोड्या वेळाने

दुकानात फोन केला. समोरच्या मोटेलातून वहिनीला फोनवर बोलावून घेतलं. म्हटलं, दादाला कळलंय. मोटेलात थांबू नकोस, दुकानदाराला सगळं खरं सांग. ती इतकंच म्हणाली, "गाडीला किती वेळ लागेल ते तू विचार, मला कळत नाही." दुकानदार फोनवर आला. आता आवाज वेगळा. रात्रीची वाट बघत नाही म्हणाला, दुकानातली साधी लोखंडी चाकं चढवतो.

"नट?" मी विचारलं.

"निमुळते," तो म्हणाला. "आम्हाला कळतं."

तासभर तरी लागेल. मग ती कुठे जाणार ते मी विचारलं नाही.

माझी गाडी गराजमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. चारही चाकं उतरवून भिंतीला लावलीत. दादा वरून हाक मारतोय. त्याला मिळेल दुसऱ्या कुणाची तरी गाडी, पण आत्ता लगेच नाही. आणि माझ्या गाडीचे नट कुठे आहेत, ते मी इथेही लिहिणार नाही.