लिंगराजअप्पांकडचं खातं

प्रिय मंजू,

तू सांगितलंस तसे दोन्ही कागद लिंगराजअप्पांच्या ऑफिसातून घेऊन आले. शेअर तुझ्या त्या मोबाइलवाल्या ब्रोकरकडे हलवायच्या कागदावर सही केली आहे. जुनं खातं बंद करायच्या कागदावर अजून केली नाही. लगेच कपाळाला हात लावू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, 'आई, मुद्द्याचं बोल' म्हणतेस. कागदाला मधेच बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अंगणात तूर वाळत घातली आहे आणि शेजारच्या शिवम्माच्या शेळ्या टपून बसल्यात, तेव्हा मधे मधे उठावं लागेल.

तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाही. आजकाल शेअर घ्यायला-विकायला कुणाच्या दुकानात जावं लागत नाही, हे मलाही कळतं. पण तुझ्या बाबांनी पहिले शेअर घेतले तेव्हा औरादमध्ये शेअर म्हणजे काय हे किती जणांना ठाऊक होतं? लिंगराजअप्पा तेव्हा हैदराबादहून शेअरच्या अर्जांचे गठ्ठे आणायचे आणि बाजारच्या दिवशी कापडाच्या दुकानापुढे खुर्ची टाकून बसायचे. लोक त्यांना लॉटरीवाला समजायचे. तुझे बाबा समोर उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, आपण ज्या खताच्या गोण्या आणतो त्या कंपनीचे असतील तर द्या, त्यांची गोणी कधी फाटत नाही. बस्स, एवढाच त्यांचा अभ्यास! लिंगराजअप्पा कितीतरी वर्षं हे नव्या गिऱ्हाइकांना सांगायचे आणि पोट धरून हसायचे.

मग कापडाच्या दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर आला, घरात फोन आला आणि रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी अप्पांचा फोन यायला लागला. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि तुझे बाबा दारात उभे राहून बोलायचे, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. आधी पाऊस, मग तुरीचा भाव, मग कुणाच्या पोरीचं जमलं, आणि शेअरचं सगळ्यात शेवटी. तेही बहुतेक वेळा 'ऱ्हाऊ द्या आज' एवढंच. तू तर लाटणं कानाला लावून, अप्पांसारखी बाबांना अण्णा म्हणत घरभर फिरायचीस. 'अण्णा, बाजार वर जायलाय! विकू नका, विकू नका!' आठवतं का? तुझा तो आवाज ऐकून फोनवर अप्पासुद्धा हसायचे.

आणि येळवस, रानात जाऊन जेवायची आपली ती अमावास्या. मुंबईचा शेअर बाजार चालू असला तरी येळवसेला अप्पांच्या खोलीला कुलूप. बायको-पोरांना घेऊन ते आपल्या रानात यायचे, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली की शेंगा-भाज्यांची भज्जी, भाकरी आणि वर गाडग्यातली ताकाची गार अंबील. एका येळवसेला तुझ्या बाबांच्या शेअरचा भाव म्हणे असा चढला की पुन्हा कधी तिथवर गेला नाही. कुणीतरी मोटारसायकलवर सांगायला रानापर्यंत आला. तर हे दोघं म्हणतात कसं, 'आज कामून विकायचं? आज येळवस हाय.' दुसऱ्या दिवशी भाव धाडकन खाली. तू कॉलेजात होतीस, केवढी चिडली होतीस! ते दोघं मात्र उरलेली अंबील पीत बसले होते. मलाही तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तो येळवसेचा दिवसच विकला असता तर त्याचे किती पैसे आले असते?

बाबा गेल्यावर सगळे शेअर माझ्या नावावर करून द्यायला अप्पाच आले होते. सह्या कुठे करायच्या तिथे त्यांनीच पेन्सिलीने खुणा करून दिल्या. त्यानंतरही रोजचा फोन चुकला नाही. 'अक्का, च्या झाला का? तब्येत बरी हाय ना?' म्हणायचे आणि ठेवायचे. मला शेअरमधलं काही कळत नाही हे त्यांना माहीत होतं.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. या येळवसेला सकाळी त्यांचा फोन आला. 'अक्का, अण्णांना म्हणावं आम्ही निघालो, अंबील जास्त आंबट करू नका.' मी फोन ठेवून दिला. मला वाटलं, सवयीने जीभ घसरली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 'अण्णांना द्या की फोन.' मी भीत भीत ऑफिसात गेले. त्यांची सून नेत्रावती आता सगळा कारभार बघते, हुशार पोरगी आहे. ती मला बाहेर घेऊन आली. 'काकू, मामांना आता काहीच ध्यानात राहत न्हाई. बिदरच्या डॉक्टरला दाखवलंय. कॉम्प्युटरला त्यांना हात लावू देत न्हाई, तुमच्या शेअरची काळजी करू नका. पण सकाळी गिऱ्हाइकांची नावं बघून फोन करायचं तेवढं सोडत न्हाईत बघा.' पडद्यावर माझं नाव येतं, वच्छलाबाई गुंडेराव. ते त्यातलं तुझ्या बाबांचं नाव, गुंडेराव, तेवढं वाचतात आणि फोन लावतात. ज्यांनी खातं बंद केलं त्यांचं नाव पडद्यावरून जातं, आणि मग अप्पांच्या मनातूनही ते माणूस जातं.

म्हणून हे पत्र, मंजू. सगळे शेअर घेऊन जा, पण एखाद्या कंपनीचे थोडे तिथेच राहू दे. कुठले ते तूच ठरव, ज्यांना कुणी विचारत नाही असले ठेवलेस तरी चालेल. खात्याची वर्षाची फी मी दुधाच्या पैशातून भरीन. तू म्हणशील, आई अप्पांवर दया करते. तसं नाही गं. अप्पा विचारतात, 'अण्णा कुठं हायेत?' पहिल्या दिवशी मी नुसता फोन ठेवून दिला होता. आता सांगते, 'रानात गेलेत.' ते म्हणतात, 'आले की सांगा, आज विकू नका म्हणावं.' मी म्हणते, 'व्हय, सांगते.' या घरात तुझ्या बाबांना बोलवा म्हणणारं आता दुसरं कोण उरलंय? परवा फोन ठेवून चुलीपुढे बसले तर हातून दोन भाकरी जास्तीच्या थापल्या गेल्या. मला तेवढं राहू दे.

तुझीच,
आई