खोडलेली ओळ

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करू नकोस, आईचे डोळे गेले तरी तिचे कान भिंतीपलीकडचं टिपतात, हे लिहिलंस ते बरं केलंस. वारसा म्हणून तिच्याकडून मला ते कानच मिळाले. बाकीचं माझं मी मिळवलं.

जुन्या दप्तरांच्या कचेरीत सलग तिसरा शनिवार घालवला. आजोबा सापडले. आजोबा, आजी आणि तान्हा मामा, परदेशी निघालेल्या बोटीच्या प्रवाशांच्या सूचीत एकाखाली एक. आईचं नाव नाही. टाईप केलेली सूची दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. म्हणजे आई आयुष्यभर म्हणत आली तेच खरं दिसतंय. मुलाला बरोबर नेलं, चार वर्षांच्या मुलीला मावशीकडे टाकलं, आणि सहा वर्षांनी आठवण झाली. तिचं तिकीटच काढलं नव्हतं.

हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी आता थकलो गं. गुडघे तर कचेरीच्या जिन्यातच राहिलेत.

लोभ आहेच, तो वाढवायला अंगात ताकद असेल तर वाढव.
तुझा धाकटा


ता. ११ मार्च

चि. शाईबोट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र कोठीच्या खोलीत उभ्याने वाचलं. आई रोज सकाळी तोंड धुवून झालं की एकच विचारते, बोटीचं काय झालं. तिला दुसरं काही नको. माझं तिकीट काढलं होतं का, एवढं कळलं की मी जायला मोकळी, म्हणते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता आठवडेच मोजायचे.

मी एक आगाऊपणा केला. ट्रंकेतला आजोबांचा फोटो तिच्या समोरच्या भिंतीवर लावायला घेतला. म्हटलं, हिला कुठे दिसतंय. पहिल्याच ठोक्याला विचारलंन, कोणाला टांगतेस. काढायला लावला. ज्यांनी मला ठेवून दिलं, त्यांनी आता माझ्याकडे बघत बसायची गरज नाही, म्हणाली. मी हातोडी ठेवली आणि चादरी बदलल्या. दिवसातून तीनदा बदलते. पाठ आहे की लाकूड, कळत नाही.

आता तुला एक विचारते, रागावू नकोस. तू तीस वर्षं छापखान्यात माणसांच्या डोक्यावर बसतोस की मूळ प्रत शेजारी ठेवल्याशिवाय प्रुफावर सही करायची नाही. मग तू पाहिलंस ते काय होतं? कोणीतरी मागाहून टाईप केलेली सूचीच ना? बोटीवरचा हाताने लिहिलेला कागद पाहिलास का?

गुडघ्यांना तेल लाव. जमलं तर एक शनिवार अजून.
तुझी ताई


ता. २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या कामगारांना हे पत्र दाखवू नकोस, नाहीतर मला दुकानात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मूळ प्रत पाहिली नव्हती.

दप्तरवाल्या बाईंनी मोठ्या नाखुशीने कागद काढून दिले. त्या सहज बोलून गेल्या की खोडलेल्या ओळी टाईप करणाऱ्यांनी सूचीत घेतल्याच नाहीत. जे बोटीत चढलेच नाहीत, त्यांना कोण शोधणार? मी त्यांना म्हटलं, बाई, माझी आई.

नीट वाच. पहिली बोट, चार ओळी. आजोबा, आजी, मुलगी वय चार, मुलगा वय एक. चारही ओळी खोडलेल्या. मुलीच्या ओळीपुढे बोटीच्या डॉक्टरांनी एकच शब्द लिहिलाय, डोळे. मग तेवीस दिवसांनी दुसरी बोट. मी सूचीत पाहिली होती ती हीच. पुन्हा चार ओळी, त्याच क्रमाने. या वेळी फक्त तिसरी खोडलेली. पुढे तोच शब्द.

म्हणजे खुपऱ्या असणार, डोळ्यांचा तो संसर्गाचा रोग; तो असलेल्याला तेव्हा बोटीत चढू देत नसत. तिकीट एकदा नाही, दोनदा काढलं होतं. तिच्यासाठी एक अख्खी बोट सोडली होती त्यांनी. दुसऱ्या खेपेला मात्र गेले. का गेले, ते कागद सांगत नाही आणि मी बनवून सांगणार नाही. घरी कधी बोलले का नाहीत, याचा मात्र मला अंदाज आहे. तुझ्या डोळ्यांमुळे तू राहिलीस, हे त्यांना लेकीला सांगवलं नसेल. त्यापेक्षा तिचा राग परवडला असेल. आता तिचे तेच डोळे गेलेत, म्हणून सांगायचं की नाही ते मी ठरवत नाही. तू तिच्याजवळ आहेस, तुला जे वाटेल ते कर.

कागदाची नक्कल सोबत आहे. उत्तराची वाट पाहतो, सवड काढ.
तुझा धाकटा


ता. २ एप्रिल

चि. शाईबोट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. गाळलं असतं तर तिने माझ्या श्वासावरून ओळखलं असतं.

मग तिने विचारलं, ओळ कशी खोडलीय, एका रेघेने की गिरगटून. मी नक्कल पाहून सांगितलं, एकाच रेघेने, खालचं नाव स्वच्छ वाचता येतं. तिने माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवायला लावलं आणि वर आपलं बोट ठेवलं.

मग म्हणाली, लहानपणी कोणीतरी मांडीवर डोकं धरून माझ्या डोळ्यांत झोंबणारं औषध घालायचं, रोज, पुष्कळ दिवस. मी हात झटकायची, ओरबाडायची. आजवर वाटायचं, मावशीचे यजमान. पण त्या माणसाच्या अंगाला बंदराचा वास यायचा, तो मावशीच्या यजमानांकडे कुठून येणार? दुसऱ्या बोटीची वाट पाहत थांबलेले बाबाच ते.

दुपारी जेवली नाही, पण रागावलेली नव्हती. चार वाजता हाक मारून म्हणाली, तो फोटो आण. मी म्हटलं, समोरच्या भिंतीवर लावू? तर म्हणाली, उशाशी लाव, खाली, पलंगाच्या उंचीला. मला दिसणार नाही, पण बाबांना माझे डोळे जवळून बघू दे.

लावलाय. तू या शनिवारी कचेरीत जाऊ नकोस, इकडे ये.
तुझी ताई