तिसऱ्या स्टँडची हिरवी वायर

मी, वच्छला देवाजी सुखदेवे, वय २६, विद्युत शाखेची पदविका, व्यवसाय छायाचित्रण, राहणार वाडी, अमरावती मार्ग, नागपूर, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण रविवार, २९ एप्रिल १९७९ रोजी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी शुद्धीवर नव्हते. माझे हृदय थांबले होते, असे डॉक्टर म्हणाले. किती वेळ, ते त्यांना सांगता आले नाही. सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे कोणी विचारील. एवढे उत्तर पुरे असावे.

१. माझा कॅमेरा धाकटी बहीण अरुंधती हिला द्यावा. त्या २९ एप्रिलचा स्वागत समारंभ तिच्याच लग्नाचा होता.

२. प्रकाश मोजायचे माझे यंत्र चंपतराव यांना द्यावे. त्यांच्या स्टुडिओत मी तीन वर्षे काम केले. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. चंपतराव समोरून फ्लॅश मारीत, आणि साडीचा नुसता चुना दिसे. "नवरी सफेद, नवरदेव सफेद. मी का भुतांचे फोटो काढू?" हे त्यांनी गिऱ्हाइकासमोर म्हटले होते. यंत्र वापरण्याची कृती सोबतच्या चिठ्ठीत आहे.

३. पांढऱ्या साड्यांची वही यमुताईंना. त्या चंपतरावांकडे फोटोवर पेन्सिलीने निऱ्या काढतात. वहीत एकेचाळीस लग्नांची मापे आहेत: दिवा किती अंतरावर, किती उंच, पडदा कोणता. ती पाळली तर पेन्सिलीची गरज पडणार नाही.

४. तिन्ही दिवे कोणालाही देऊ नयेत. मोडून टाकावेत.

५. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

स्वागत खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीच्या मैदानावर होते. मी पाचशे वॅटचे तीन दिवे लोखंडी स्टँडवर लावले. दोन समोर, मंचामागच्या पडद्याकडे फिरवलेले. तिसरा डावीकडून, मंचाखाली, फक्त निऱ्यांसाठी. जमिनीत सळई ठोकली आणि तिन्ही स्टँडला हिरव्या वायरीने अर्थिंग दिले. मांडव आणि वीज रुपराव यांची. ते हसले, "वच्छलाबाई, लगन हाय का पावरहाऊस?" पण मी पांढरा पडदा नको म्हटल्यावर त्यांनी कामठीहून निळा आणला. पाच वाजता मी तिन्ही जोड तपासले. बरोबर होते.

मंचावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा होती, म्हणून मी चपला काढल्या होत्या. धूळ बसावी म्हणून खाली पाणी शिंपडले होते. अरुंधती म्हणत होती, "लवकर कर वं ताई, हसून हसून गाल दुखून राहिले." चौकटीत माईकची काळी वायर येत होती. मी बाबांना म्हणाले, "बाबा, मागची वायर दिसून राहिली, काढा." कोणती, ते मी सांगितले नाही. सातवा फोटो घेतला. मग तिसरा स्टँड सरकवायला हात लावला.

बाबा, श्री. देवाजी सुखदेवे, एकतीस वर्षे वायरमन होते. अर्थिंग मला त्यांनीच शिकवले. मी दवाखान्यात असताना त्यांनी सगळ्या वसाहतीत सांगितले की रुपरावांची लाईन खराब होती. त्यानंतर वसाहतीतल्या दोन लग्नघरांनी रुपरावांना मांडव नाकारला.

घरी आल्यावर मी दिवा उघडला. होल्डरजवळचे रबर वितळून वीज लोखंडी स्टँडमध्ये उतरली होती. दिवा माझा, दोष माझा. रुपरावांची लाईन ठीक होती. हिरवी वायर जागेवर असती तर माझा हात लागण्याआधीच त्यांचा फ्यूज उडाला असता.

मग रोल धुतला. सातव्या फोटोच्या उजव्या कडेला बाबा उभे आहेत. हातात गुंडाळलेली वायर आहे. फोटोत रंग नाही, पण वायरीच्या टोकाला मी अर्थिंगसाठी लावलेला तांब्याचा चिमटा स्पष्ट दिसतो. निगेटिव्ह हातात धरून मी किती वेळ उभी होते, ते मोजले नाही. मी वेळ मोजत नाही, असे सहसा होत नाही.

त्या फोटोत अरुंधतीच्या साडीची प्रत्येक निरी आली आहे. आजवर मी काढलेला तो सर्वांत चांगला फोटो आहे.

माझे म्हणणे असे: बाबांनी माईकची समजून चुकीची वायर काढली, आणि अपुरे सांगण्याची चूक माझी. रुपरावांचा यात काही संबंध नाही. खालच्या सह्या झाल्यावर सातवा फोटो अरुंधतीला द्यावा. उजवी कड कापू नये.

६. बाबांना मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा. मला साक्ष बाबांचीच हवी आहे. वकील असेही म्हणाले की साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. बाबांनी मात्र कलम पाच दुसऱ्या साक्षीदारासमोर मोठ्याने वाचावे आणि मगच सही करावी. सही करायची नसेल तर कागद परत द्यावा. मी कारण विचारणार नाही.

सही: वच्छला देवाजी सुखदेवे

साक्षीदार पहिले: देवाजी लहानू सुखदेवे. मोठ्यानं वाचलं. एक दुरुस्ती हाय. माईकची समजून नाही काढली. हिरवी हाय हे पाहूनच काढली. वाटलं, दोन मिनिटांत काय होते, पोरीचा फोटू चांगला आला पाहिजे. मंग लावाची राहून गेली. रुपरावाचं नाव मी खोटं घेतलं. वसाहतीत घरोघरी जाऊन सांगतो.

साक्षीदार दुसरे: रुपराव चंद्रभान ढोके. ऐकलं. देवाजीभाऊ मधात थांबले होते, पण पूर्ण वाचलं.

पहिल्या साक्षीदाराची दुरुस्ती मी वाचली. कलम पाच आहे तसेच ठेवत आहे, दुरुस्तीही आहे तशीच ठेवत आहे. व. दे. सु.

वाडी, नागपूर
रविवार, २० मे १९७९